ड्युटीवर मिळालेलं घुबड

भोंग्याला पांढरं घुबड मिळालं.

आता हे वाक्य विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. बसस्थानकाच्या प्रमुखांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे, आणि ते भोंग्याचे सख्खे मामा असल्यामुळे त्यांचं म्हणणं त्याला ऑफिसातही ऐकावं लागतं आणि घरीही.

तर ज्या दिवशी काहीच घडलं नाही, त्या दिवशी सकाळी भोंगा आपल्या काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे सगळ्या स्थानकाला सांगत होता. हे त्याचं कामच. त्याला भोंगा हे नाव नोकरीमुळे पडलं असं लोक समजतात. खरं तर ते पाळण्यात असतानाच पडलं होतं, नोकरी मागाहून नावाला शोभेल अशी बघितली. बघणारे अर्थात मामा. पहिल्याच दिवशी त्यांनी घोषणेचे नियम सांगितले होते. आवाज चढवायचा नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. आणि कारण कधीही द्यायचं नाही.

"कारण दिलं की माणसं वाद घालतात," मामा म्हणाले होते. "आणि इथे मला साहेब म्हणायचं."

"बरं मामा," भोंगा म्हणाला होता.

नियम त्याने इमानेइतबारे पाळले. पण ऐकतंय कोण? तीन नंबरच्या फलाटावर गाडी लागते आहे असं त्याने दोनदा सांगितलं, की लगेच कोणीतरी काचेवर टकटक करून विचारायचं, "अहो, गाडी कुठल्या फलाटावर लागते?" पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा पगार मिळतो एवढंच, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

घुबड ही वेगळी गोष्ट होती. ते गोळीबाराच्या एका ऑनलाइन गेममधलं होतं आणि फक्त हिवाळ्याच्या इव्हेंटमध्ये मिळत होतं. मिळाल्यावर ते खेळाडूच्या खांद्यावर बसायचं. बाकी काही करायचं नाही. उडायचं नाही, शत्रू दाखवायचं नाही, मान एका बाजूला फिरवून तुच्छतेने बघायचं, बस्स. त्याच्यासाठी जगभरची माणसं जेवणखाण सोडून बसली होती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लोक घुबड दिसलं की हाकलतात, तुम्ही त्याच्यामागे धावताय. आणि घरात एक आहेच की दिवसभर डोळे ताणून बसलेलं."

पण घुबड हवं होतं ते आईसाठीच. भोंग्याची ताई आणि दाजी दूरदेशी गेले, त्यानंतर बहीणभावाचा एकत्र असा एकही फोटो निघाला नव्हता. व्हिडिओ कॉलवर दोघं दिसायचे, पण ताई एका चौकटीत आणि हा दुसऱ्या. "शेजारच्या खिडक्यांतून भांडणाऱ्या बायकांसारखे दिसता," आई म्हणायची. "एकदा खांद्याला खांदा लावून उभे राहा म्हणजे झालं." आणि खांद्याला खांदा लावून ते उभे राहायचे ते फक्त त्या गेममध्ये. तिथे ताई, दाजी आणि भोंगा अशी तिघांची टीम होती. इव्हेंटमध्ये एक सोय होती: टीममधल्या सगळ्यांकडे घुबड असेल तर बर्फात उभं राहून एक फोटो काढता यायचा. ताईला दिवस गेले होते. या सीझननंतर आपलं खेळणं बंद, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे फोटो निघाला तर आत्ता, नाहीतर आईच्या नशिबी चौकटीच.

ताई आणि दाजींकडे घुबडं होती. भोंग्याकडे नव्हतं, आणि याला कारण दाजी.

घुबडासाठी शेवटची अट अशी की टीममधलं कोणीही न मरता मॅच जिंकायची. दाजींना एक खोड होती. कुठे गोळी झाडल्याचा आवाज आला की ते बघायला जायचे. लपून नाही, सरळ उठून, शेजारी भांडण लागल्यावर गॅलरीत यावं तसे. मग दुसरी गोळी यायची आणि दाजी म्हणायचे, "अरेच्चा." अख्खा सीझन या अरेच्चात गेला. एकदा भोंग्याला अचानक ड्युटीवर जावं लागलं, त्याच्या जागी कोणीतरी अनोळखी दातांचा डॉक्टर टीममध्ये आला, आणि नेमक्या त्याच मॅचमध्ये दाजी जिवंत राहिले. घुबड त्या डॉक्टरलाही मिळालं. भोंगा आठवडाभर दात न घासता हिंडला, निषेध म्हणून.

आता शेवटचा दिवस होता. दुपारी इव्हेंट संपणार होता. ताई-दाजींना वेळ होता तो नेमका भोंग्याच्या ड्युटीच्या वेळेत, आणि त्याच दिवशी मुख्य कार्यालयातून पाहणीवाल्या बाई स्थानक तपासायला आल्या होत्या. मामा सकाळपासून त्यांच्यामागे हात बांधून फिरत होते. मधेच काचेच्या खोलीच्या दारातून डोकं आत घालून ते भोंग्याला म्हणाले, "आज जरासुद्धा गोंधळ झाला तर तुझी आणि माझी दोघांची बदली. तुझी दुसऱ्या स्थानकावर आणि माझी तुझ्या आईच्या शिव्यांवर."

"काही होणार नाही मामा."

"साहेब."

"काही होणार नाही साहेबमामा."

पाहणीमुळे घोषणा एकामागून एक कराव्या लागत होत्या. टेबलावरच्या माइकचं बटण बोलताना दाबून धरावं लागतं. अंगठा दुखायला लागला की बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्याला एक खिट्टी असते. भोंग्याने ती अडकवली. मग गर्दी थोडी ओसरली, फोनवर ताईचा निरोप आला, भोंग्याने हेडफोन कानांत घातले आणि मॅच सुरू केली.

खिट्टी तशीच राहिली. एरवी आपलाच आवाज बाहेरच्या कर्ण्यांतून परत ऐकू आला की माइक चालू असल्याचं त्याला कळायचं. पण आता कानांत गोळीबार होता.

सुरुवातीलाच कुठेतरी गोळी सुटली.

"बघून येतो," दाजी म्हणाले.

"दाजी, नका ना जाऊ," भोंगा म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला यापेक्षा जास्त काय म्हणणार?

"अरे, हे तुझं असं नाही ऐकायचे," ताई म्हणाली. "तू तुझ्या ड्युटीच्या आवाजात सांग. त्या आवाजापुढे यांचं काही चालत नाही. विमानतळावर बघितलंय मी. बाईने नुसतं 'रांगेत उभे राहा' म्हटलं, तर हे दुसऱ्याच विमानाच्या रांगेत उभे राहिले."

भोंग्याने घसा साफ केला. पाठ ताठ केली. आणि ड्युटीच्या आवाजात, न चढवता, कारण न देता, म्हणाला:

"कृपया लक्ष द्या. सर्वांनी खाली बसावे. सर्वांनी खाली बसावे."

दाजी बसले. भोंग्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दाजींच्या डोक्यावरून गोळी सूं करून गेली आणि ते बसलेलेच राहिले.

"कोणीही डोके वर काढू नये. कोणीही डोके वर काढू नये."

"बोलत राहा," ताई कुजबुजली. "थांबू नकोस."

मग भोंगा थांबला नाही. गेममध्ये निळ्या कपड्यातली टीम डावीकडून येत होती. "निळ्या कपड्यातील व्यक्तींपासून दूर राहावे." लपायला जागा होती ती पाण्याच्या टाकीमागे. "सर्वांनी पाण्याच्या टाकीमागे एकेक करून यावे. बोलू नये." टाकीच्या पुढे सुरुंग पेरलेले होते, वाट ताईलाच माहीत होती. "सर्वांनी एका ओळीत, समोरच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालावे. पावलावर पाऊल ठेवून चालावे." शेवटी शत्रू संपत आले आणि सुटकेची गाडी दिसली. "सर्वांनी समोर उभ्या असलेल्या गाडीत बसावे. गाडी ताबडतोब सोडावी. गाडी ताबडतोब सोडावी."

मॅच जिंकली. तिघंही जिवंत होते. पडद्यावर बर्फ पडायला लागला आणि एक पांढरं घुबड कुठूनतरी येऊन भोंग्याच्या खांद्यावर बसलं. त्याने मान फिरवून तुच्छतेने बघितलं.

"उभे राहा दोघे," ताई म्हणाली. "फोटो काढते. अहो, तुम्ही उठा आता."

"सांगितलं नाही अजून उठायला," दाजी म्हणाले.

भोंग्याने त्यांना रीतसर उठवलं. फोटो निघाला. मग त्याने हेडफोन काढले आणि मान वर करून काचेबाहेर बघितलं.

स्थानकावर कोणी नव्हतं.

कमी माणसं होती असं नव्हे. माणूसच नव्हता. बाकावर अर्ध्या चहाचा कप वाफाळत होता. स्थानकाच्या पाण्याच्या टाकीपासून दोन नंबरच्या फलाटापर्यंत धुळीत पावलांची एकच ओळ उमटली होती, इतकी नीट की एकच जाडजूड माणूस तिथून चालत गेला असं वाटावं. फलाट रिकामा होता. फक्त निळ्या गणवेशातले चालक आणि वाहक, ज्यांच्यापासून सगळे दूर पळाले होते, स्थानकाच्या मधोमध घोळका करून उभे होते आणि एकमेकांच्या कपड्यांचा वास घेऊन बघत होते.

भोंगा टेबलाकडे वळला. खिट्टी अडकलेली होती. त्याने ती अलगद काढली, जणू आता काढून काही उपयोग होता.

तो बाहेर आला. "माणसं कुठे गेली?" त्याने एका वाहकाला विचारलं.

"दोन नंबरच्या गाडीत बसली."

"ती कुठे जाते?"

"ते कोणीच विचारलं नाही," वाहक म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कोणी विचारलं नाही. चालक गाडीतच बसून होता, घोषणेत गाडी सोडा म्हटल्यावर त्याने सोडली."

"आणि साहेब?"

"ओळीत पाचवे की सहावे होते. पाहणीवाल्या बाईंच्या पावलावर पाऊल ठेवून जात होते. बाईंच्या चपलेला उंच टाच आहे, त्यामुळे साहेब जरा चवड्यांवर चालत होते."

भोंगा त्या कपाशेजारी बसला. नोकरी गेली याचा धक्का होताच. पण त्याहून मोठा धक्का असा की माणसं ऐकत होती. इतकी वर्षं त्याचा शब्दन् शब्द त्यांच्या कानांत जात होता. म्हणजे ती काचेवर टकटक करणारी माणसं मुद्दामच टकटक करत होती.

गाडी दुपारी परत आली. आधी पाहणीवाल्या बाई उतरल्या, मग मामा. भोंगा उभा राहिला. मामांच्या चेहऱ्यावर त्याला फाडून खायची पूर्ण तयारी दिसत होती. तेवढ्यात बाई म्हणाल्या:

"आपत्कालीन सराव इतका शिस्तीत झालेला मी कुठेच बघितला नाही. एक माणूस ओरडला नाही. आधी न सांगता घेतलात हे विशेष. माझ्यासमोर टाकीमागे बसलेले एक गृहस्थ उलट्या दिशेला जाणारे होते, मी विचारलं तर म्हणाले, सांगितलं म्हणून आलो."

मामांचं तोंड उघडं राहिलं. मग ते सावकाश बंद झालं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा ते दुसऱ्याच माणसाचं तोंड होतं.

"आमच्याकडे हे नेहमीचंच आहे," मामा म्हणाले. "हा घोषक मी स्वतः तयार केलाय."

बाई गेल्यावर मामांनी भोंग्याला काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "तू काय करत होतास ते मला तुझ्या दाजींकडून कळलंय, मीच गाडीतून त्यांना फोन केला होता. आता नीट ऐक. सराव झाला. गेम झाला नाही. तू मोबाइलला हात लावला नाहीस. तुला घुबड मिळालेलं नाही. मुख्य कार्यालय मला शाबासकीचं पत्र देणार आहे. त्या पत्राच्या आड एक पक्षी जरी आला, तर मी त्याच्यासकट तुला सोलीन."

"बरं साहेब," भोंगा म्हणाला. मामा 'साहेब म्हण' अशी आठवण न करता बोलायला लागले की तो आपोआप साहेब म्हणायचा.

हे सगळं इथेच मिटलं असतं. पण ताईने फोटो तोवर आईला पाठवला होता, आणि आईने तो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन मोठा करून, चौकट करून, बाहेरच्या खोलीत टांगलाही होता. भोंगा घरी आला तेव्हा ती फोटोसमोर उभी होती. फोटोत तीन चिलखती सैनिक, तोंडं पूर्ण झाकलेली, हातांत बंदुका, खांद्यांवर घुबडं. ओळखायला काही वाव नव्हता.

"ही ताई," आई म्हणाली.

भोंगा चक्रावला. "कशावरून?"

"एका पायावर भार टाकून उभी आहे. शाळेच्या फोटोतही अशीच. आणि हा तू. बंदूक उलटी धरलीयेस." तिने चौकटीच्या काचेवरून पदर फिरवला. "खांद्याला खांदा लागलाय. बरं झालं."

संध्याकाळी मामा चहाला आले आणि त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. ते फोटोजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भोंग्याच्या घुबडाच्या पायात एक कडी होती. घुबड कधी मिळालं ती तारीख आणि वेळ गेमवाल्यांनी तिच्यावर कोरलेली होती. स्टुडिओवाल्याने फोटो इतका मोठा केला होता की ती दारातूनही वाचता येत होती. सरावाचा तोच दिवस, तीच वेळ.

"अक्का, हा फोटो उतरव," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "शाबासकीचं पत्र द्यायला ती बाई घरी येणार आहे. मी हाच पत्ता दिलाय. माझ्याकडे रंगकाम चाललंय."

"येऊ दे की," आई म्हणाली. "पोरं दाखवीन तिला."

"निदान तो पाय तरी कापून टाक."

"माझ्या पोरांच्या फोटोला कात्री लागणार नाही. तुझं पत्र लाव हवं तर न्हाणीघरात."

आईशी वाद घालायचा नसतो हे मामांना लहानपणापासून माहीत होतं, तिने त्यांना कधी कारणच दिलं नव्हतं. त्यांनी चहा थंड होऊ दिला. मग भोंग्याला कागद घ्यायला सांगितलं, पाठ ताठ केली, आणि गेम बनवणाऱ्या कंपनीच्या नावे मजकूर सांगायला सुरुवात केली:

"महोदय, आमच्या स्थानकावरील घोषकास आपल्याकडील एक घुबड कामाच्या वेळेत प्राप्त झाल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर घुबड त्यास लगतच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी प्राप्त झाले असे मानून त्याच्या पायातील कडीवर तशी दुरुस्ती करण्यात यावी, आणि ते नियमात बसत नसल्यास, पाहणी अधिकारी चहा घेऊन जाईपर्यंत घुबडाने तो पाय पोटाखाली घेऊन बसावे, अशा सूचना त्यास आपल्या स्तरावरून तातडीने देण्यात याव्यात, ही विनंती."