आठवी आसरा

प्रेरणाला ठाऊक नव्हतं, हे तिच्या बाजूनं आधीच सांगून टाकू. पण ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतं! तोंड काय शिवलं होतं?

दोन वर्षांमागं ती एका पुस्तकासाठी गावोगावच्या देवांची चित्रं काढत वेल्ह्याकडच्या खोऱ्यात फिरत होती. म्हसोबा झाला, वाघजाई झाली, मग एका डोहाकाठी साती आसरा भेटल्या. पाण्यातल्या सात देवी, म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड. पण तिथं सगुणाबाई नावाची म्हातारी आठ दगडांना हळदकुंकू वाहत होती.

"आजी, आसरा तर सात. ही आठवी कोण?"

"धाकटी हाय ती. आसरांनी नेली तिला. आता त्यांच्यातच असती."

झालं! बाईंना घबाड सापडलं. कुठंच न नोंदलेली आठवी आसरा! आणखी दोन प्रश्न विचारायचे सोडून तिनं उचलली लेखणी अन् लावली कागदाला. धाकटी म्हणे नवऱ्याला सोडून परक्याच्या मागं निघाली, आसरांनी वाटेत गाठून तिला कायमची दासी केली. मुखपृष्ठावर ओल्या केसांची, पदर ढळलेली बाई रंगवली. पुण्यात वाहवा झाली. एक प्रत तिनं सगुणाबाईला पोस्टानं पाठवून दिली अन् त्या औदार्यावर स्वतःच खूश झाली.

मग वेल्ह्याच्या शाळेनं सत्काराला बोलावलं. नसरापूरच्या फाट्यावर घ्यायला आलेले सोमनाथ सर गाडीत मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मॅडम, पुस्तक वाचायचं राहिलंय अजून, पण तुमी आमच्या रत्नाला मोठं केलंत बघा."

"कोण रत्ना?"

"सगुणाबाईंची लेक. ती आठवी. बारा वर्सं झाली. नवऱ्यानं संशय घेतला, चारचौघांत नको नको ते बोलून घराबाहेर काढली. पोरीला आईपाशी ठेवून डोहात गेली. आमच्याकडं बाई पाण्यात गेली की आसरांनी नेली म्हणायचं, अन् पुढं कुणी काही विचारायचं न्हाई. तुमी नसरापूरच्याच की. तुमाला सांगाया नगं."

सांगायला हवं होतं हो! हायवेच्या कडेला वाढलेल्या पोरीला 'आसरांनी नेली'चा हा अर्थ कधी कळलाच नव्हता. नवऱ्यानं जे बोलून रत्नाला डोहापर्यंत नेलं, तेच तिनं ठळक अक्षरांत छापलं होतं. गाडी मागं फिरवा म्हणावं असं फार वाटलं. पण तेवढीही हिंमत झाली नाही.

शाळेच्या हॉलमध्ये पहिल्याच रांगेत सगुणाबाई बसली होती. इरकली लुगडं, मांडीवर पुस्तक. शेजारी सतरा वर्षांची नात वैष्णवी, रत्नाची लेक. नारळ झाला, शाल झाली. प्रेरणाला ती शाल अंगावर नकोशी झाली. तेवढ्यात म्हातारी उठली अन् पुस्तक तिच्या हातात ठेवून म्हणाली, "बाई, माज्या लेकीचं तेवढं तुमच्या तोंडनं ऐकू द्या. मला काय वाचता येत न्हाई."

प्रेरणानं पान उघडलं. स्वतःचीच अक्षरं, पण डोळे वर करवेनात. खरं वाचायचं तर म्हातारी जागीच खचेल. तिनं घसा खाकरला अन् मनानंच जुळवायला लागली, "धाकटी फार गुणी होती..."

"असं न्हाई बाई," सगुणाबाईनं मधेच अडवलं. "आदी फ्रॉकाचं हाय. ती लेकीचा फ्रॉक धुवाया डोहावर जाती, तितनं सुरू हुतं. माजं पाठ हाय, आमची वैष्णवी रोज वाचून दावती."

पुस्तकात फ्रॉकबिक काही नव्हतं. प्रेरणानं वैष्णवीकडं पाहिलं, अन् पोरीनं नजर हलवली नाही. तिला सगळं माहीत होतं. कधीचंच. आपल्या आईबद्दलचं ते पान रोज समोर धरून ती आजीला दुसरंच वाचून दाखवत होती.

प्रेरणाला वाटलं, धरणी फाटावी अन् आपल्याला पोटात घ्यावं.

"आज्जी, त्यांचा घसा बसलाय," असं म्हणत वैष्णवीनं पुस्तक हातातनं काढून घेतलं. "मी वाचते." अन् छापलेल्या ओळींवरनं बोट फिरवत वाचायला लागली, "आसरा म्हणाल्या, आमच्यात लेकुरवाळी कुणी नाही, तू ये, आम्हाला अंगाई शिकव. धाकटी म्हणाली, माझी लेक उठेल. आसरा म्हणाल्या, तिला तुझ्या आईचा पदर आहे." नेमक्या जागी तिनं पानही उलटलं.

हॉलमधल्या बाया डोळे पुसत होत्या. सगुणाबाईनं प्रेरणाच्या गालांवरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई मोठी हो. माज्या रत्नीला तू समजलीस." असली शाबासकी वैऱ्यालाही मिळू नये.

लोक चहाला पांगले तशी प्रेरणानं वैष्णवीला पायऱ्यांवर गाठलं. "वैष्णवी, माझं चुकलं गं. फार चुकलं. मी आजींचे पाय धरते, सगळं खरं सांगते."

"म्हंजे तुमाला हलकं वाटंल," पोरगी शांतपणे म्हणाली. "अन् तिला?"

प्रेरणा तिथंच पायरीवर टेकली.

"पुढच्या महिन्यात मी पुण्याला चाललेय कॉलेजला. मग कुणीतरी शेजारची येऊन आज्जीला वाचून दावंल. जे छापलंय तेच वाचंल ना ती?" वैष्णवीनं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. "खोडा हे. अन् मी सांगते ते लिवा."

"मला माफ करशील?"

"आधी लिवा."

प्रेरणानं आपल्या ओळींवर काट मारली अन् शाळकरी पोरीसारखी खाली मान घालून लिहायला लागली. तिचं अक्षर सुंदर म्हणून पुण्यात नावाजलेलं. त्या पानावर ते ओळखू येत नव्हतं.