किडेमामांचं औषध

“अगं, अशी एकेक चिरडत बसलीस, तर तोवर त्यांच्या नातवंडांची लग्नं होतील!” हे मागच्या दारातल्या खुर्चीतून म्हणाले.

“होऊ देत. जेवायला घालीन सगळ्यांना. तुम्ही मात्र जागचं हलायचं नाही.”

वांग्याच्या पानांखाली मावा नुसता बुजबुजला होता. मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पानं पुसत होते, शेंड्यातल्या आळ्या बोटांनी काढत होते. झेंडूची तर केव्हाच वाट लागली होती. कंबर मोडून आली, म्हणून मी जरा टेकले, तशी ह्यांनी मान फिरवली. त्यांना ते बघवत नव्हतं.

जन्मभर ह्यांनी लोकांच्या बागांत औषध मारलं. पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमालही नाही. औषध कालवायचं, तेही उघड्या हातानं. मी ओरडले की म्हणायचे, “किड्यांसाठी आहे ते, माणसाला काय होतंय!” गल्लीतली पोरं किडेमामा म्हणायची, तर ह्यांना कोण अभिमान! आता चार पावलं टाकली तरी धाप लागत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “फुप्फुसं गेलीत. त्या औषधाचा पुन्हा वाससुद्धा नको.” त्याच दिवशी मी घरातल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. पंप तेवढा ह्यांनी कुणाला देऊ दिला नाही.

पानं पुसली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याच गोळ्या आणायला गेले. परत आले, तर घरभर तो उग्र दर्प. मागच्या दारी वांग्याची पानं ठिबकत होती. हे खुर्चीत, पंप पायाशी, शर्ट भिजलेला. कुठल्या सांदीत एक बाटली दडवून ठेवली होती, देव जाणे.

“अहो, काय करून बसलात! स्वतःच्या जिवावर उठलात का?”

छाती भात्यासारखी चालली होती, पण चेहऱ्यावर हसू. “सगळी... झोपवली. आता... वाकू नकोस.”

तसंच दवाखान्यात नेलं. हे परत आले नाहीत.

वांगी मात्र अशी धरली, की झाडं वाकली. शेजारी नवीनच राहायला आलेली बाई कुंपणावरून म्हणाली, “अय्या काकू, एकसुद्धा किडकं नाही! कोणतं औषध मारलंत हो?”

मला असा काही राग आला! तिला बिचारीला काय माहीत! मी टोपलीभर वांगी तोडून आत आणली आणि चिरायला बसले. पहिलं स्वच्छ निघालं. दुसरंही स्वच्छ. एखाद्यात तरी आळी निघावी, म्हणून मी चिरतच गेले. ताट भरलं, परात भरली, आधीच्या फोडी काळ्या पडल्या. आळी काही निघाली नाही.