वीस कोंबड्यांचं खुराडं

देवमनने संत्र्याच्या मोडक्या पेटीवर पाय रोवला आणि पक्कडीने खिळा ओढून मागे टाकला. जयवंताने तो उचलला, दगडावर धरला आणि ठोकून सरळ केला.

वलगावातल्या त्यांच्या घरामागे चार दिवस हेच चाललं होतं. देवमन हंगामात शेंदूरजनाघाटला पेट्या भरायला जायचा. तिथून आणलेल्या फुटक्या पेट्या जळणासाठी भिंतीशी रचल्या होत्या, त्या आता खुराड्यासाठी सुटत होत्या. छपराला राकेलचे डबे फाडून काढलेला पत्रा, कोपऱ्यांना पडक्या गोठ्याच्या बल्ल्या.

जयवंताची आई गेल्यापासून घरात देवमन एकटाच होता. सात महिन्यांपूर्वी लेक आली. पोटातलं मूल गेलं तेव्हा नवऱ्याने तिला पातूरहून आणून सोडलं आणि अंगात ताकद आली की नेतो, म्हणाला. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी, नव्या बौद्ध रीतीने वस्तीत लागलेलं पहिलं लग्न तिचं होतं. मांडवात सगळी वस्ती जेवली होती.

गेल्या आठवड्यात देवमन पातूरला विचारायला गेला. परत आल्यावर, जावई गावाला गेलेत, एवढंच बोलला. दुसऱ्या सकाळी त्याने खुराडं बांधायला घेतलं.

"बाबा, आपल्या कोंबड्या दोनच हायेत."

"वाढतीन."

"हे त वीस कोंबड्यायचं होऊन राह्यलं."

"होऊ दे."

"मी गेल्यावर कोण पाहीन त्यायले? तुमी त दिवसभर कामावर."

देवमनने मोजलेली फळी पुन्हा वितीने मोजली. मग आणखी एकदा.

जयवंता उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

"ते गावाले गेले नोहते ना?"

"घरीच होता."

"मंग?"

"दुसरी केली त्यानं, माय. दिवाळीनंतर." त्याने फळी खाली ठेवली. "तिनंच मले पाणी देल्लं."

कोंबड्या भुशात पाय मारत होत्या. जयवंताने ओच्यातला एक खिळा बोटांत फिरवला.

"कशी हाय?"

"तुयाहून लहान. मले पाहून भेली होती."

"पेले तुमी ते पाणी?"

"पेलो. तिचा काय कसूर?"

तिने मान हलवली. ओच्यातले सरळ केलेले खिळे दगडावर ओतले, पदर खोचला आणि खुराड्याला एक फेरी मारली. गल्लीच्या बाजूला तिचे पाय थांबले.

"दार इकडं काहून ठेवलं?"

"इकडूनच बरं पडते."

"नाही. घराकडं करा. चुलीपाशी बसल्या बसल्या मले दिसलं पाह्यजे."

देवमन तिच्याकडे बघतच राहिला. मग उठला आणि घराकडच्या बाजूच्या फळ्या काढू लागला. तिने एक टोक धरलं. दुसरी फळी सुटली तेव्हा तिच्या हातातलं टोक खाली गेलं. ती तिथेच, मातीत बसली आणि तोंडात पदर कोंबूनही तिला हुंदका आवरेना.

कुडापलीकडे शेजारच्या बायका गहू निवडत बसल्या होत्या.

देवमनने एक फळी घेतली आणि गल्लीकडच्या जुन्या दारावर आडवी ठेवली. मग तो ठोकू लागला. खिळा पार आत गेला, तरी ठोकतच राहिला.