घासूशेठचा रुमाल आणि गुलाबी वाळू

मी एक रुमाल बोलतोय. पांढरा, सुती, चारही कडांना शिवण घातलेला. जवळ या, पण आधी हात दाखवा. चहाचं बोट, तेलाचं बोट, शाईचं बोट, सगळी बोटं मी ओळखतो आणि एकावरही विश्वास ठेवत नाही. राग मानू नका. ज्या खिशात वाढलो, तिथलं हे वळण आहे.

माझा जन्म लट्ठा नावाच्या जाड कापडाच्या ताग्याच्या शेवटच्या तुकड्यातून झाला. गिऱ्हाइकाला पुरत नाही आणि दुकानदाराला टाकवत नाही, असा तो तुकडा. शेजारच्या शिंप्याने कडा मुडपून चौकोन शिवला आणि कापड दुकानाच्या मालकाने, म्हणजे आमच्या शेठनी, मला खिशात घातलं. नाक पुसायला नव्हे की घाम टिपायलाही नव्हे. मला काम होतं.

दुकानात नवा माल आला की शेठ माझं एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवत, बोटाला गुंडाळत आणि कापडावर खसाखसा घासत. माझ्यावर रंग उतरला की गठ्ठा पायरीवरूनच परत जायचा. माल आणणारा शपथा घ्यायचा, "शेठ, पक्का रंग आहे, डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून मी झोपतो," शेठ म्हणायचे. "माल रुमाल बघून घेतो."

बाजारात त्यांना मागून सगळे घासूशेठ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं. संध्याकाळी साबणाने मला धुताना ते गुणगुणायचे. फसलो नाही, या आनंदात त्यांचा दिवस जायचा.

पण एकदा घासून बघायची सवय लागली की ती कापडावर थांबत नाही. दूधवाल्याचं दूध, शिंप्याचं माप, मुलाच्या मित्रांचं हसणं, सगळ्यांवर शेठचं बोट फिरायचंच. शितावरून भाताची परीक्षा, हे त्यांचं लाडकं वाक्य. चिमूटभर खोटं निघालं की पोतंभर खोटं. मीही तसाच झालो. माझ्या घडीत घडी असते तशी माझ्या शंकेत शंका असते.

फक्त काकू तशा नव्हत्या. काकू म्हणजे शेठची बायको. त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं आणि त्यातल्या एका पानावर समुद्रकिनारा. नारळाची झाडं, निळं पाणी आणि वाळू चक्क गुलाबी. वर्ष संपल्यावर काकूंनी ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. डबा काढायला दार उघडलं की तो किनारा दिसायचा.

"एकदा जाऊया हो तिथे," काकू अधूनमधून म्हणायच्या.

"छापणाऱ्याने रंग ओतलाय. वाळू कधी गुलाबी असते का? तेरड्याचा रंग तीन दिवस. तिथे जाऊन बघशील तर आपल्या गल्लीतल्या बांधकामावरची वाळू बरी म्हणशील."

काकू हसून दार लावायच्या. अशी पुष्कळ वर्षं गेली. कॅलेंडरवरचा रंग खरंच उडाला, पण काकूंनी पान काढलं नाही.

मग या वर्षी घरात काहीतरी शिजायला लागलं. पहिल्यांदा वास मला आला, मग शेठना. काकू मुलाबरोबर बाहेर जायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, "मैत्रिणीकडे." मायलेक स्वयंपाकघरात हळू बोलायचे आणि शेठची चप्पल वाजली की भांडी वाजवायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकू नजर चुकवायला लागल्या. शेठ समोर बसले की काकूंची मान किंचित कलायची आणि नजर त्यांच्या कानाच्या बाजूने पलीकडे जायची. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने कधी डोळ्याला डोळा भिडवायचं टाळलं नव्हतं.

शेठच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुलाला दुकानात रेडीमेड कपडे आणायचे होते. ताग्यांचे कप्पे काढायचे, काचेची कपाटं बसवायची, हे त्याचं जुनं स्वप्न होतं आणि शेठ ते होऊ देत नव्हते. मग एका सकाळी मुलाने दोन तिकिटं आणून टेबलावर ठेवली.

"बाबा, आईला घेऊन त्या गुलाबी किनाऱ्यावर जाऊन या. मी दुकान बघतो."

"आत्ताच का?"

"आत्ताच जा," मुलगा म्हणाला आणि त्यानेही नजर खाली वळवली.

घ्या. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? शेठनी मला मुठीत घट्ट आवळलं. म्हाताऱ्याला समुद्र दाखवायचा आणि मागे दुकान मोकळं करायचं, असा डाव त्यांना स्वच्छ दिसला. मलाही दिसला. तरी ते निघाले, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला होता. तो हात सुटता सुटेना.

प्रवासभर शेठनी दुकानात फोन केले. "मागचे कप्पे आहेत ना जागेवर? नक्की? जरा ठोकून आवाज ऐकव बघू." पलीकडून मुलगा बिचारा फळ्या ठोकून ऐकवायचा. मुक्कामाच्या खोलीत शिरताच त्यांनी मला ओलं करून चादर घासली, पडदा घासला. भिंतही घासली असती, पण काकू म्हणाल्या, "अहो, निदान भिंतीला तरी सोडा. ती कुठे जाणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. हवा दमट, अंगाला चिकटणारी. नारळाच्या बागेतून पायवाट उतरत होती. वाटेत एक पाटी होती: वाळू नेण्यास बंदी.

"बघ," शेठ म्हणाले, "घरी नेली की दोन दिवसांत रंग उडत असणार. म्हणून ही बंदी."

 काकू जपून एकेक पाऊल टाकत होत्या आणि त्यांनी शेठचं कोपर सोडलं नव्हतं. लाडीगोडी लावतेय, असं शेठना वाटलं असणार. मला तरी वाटलं.

झाडं संपली आणि वाळू लागली. शेठ आल्या आल्या वाकले. त्यांनी एक चिमूट उचलून तळहातावर घेतली. फिकट, जवळजवळ पांढरीच, मधूनमधून एखादा लाल कण. त्यांचा चेहरा उजळला. फसवणूक सापडली की तो असा उजळायचा.

"शितावरून भाताची परीक्षा! हे गुलाबी? ह्याला आम्ही दुकानात पांढऱ्याच्या कप्प्यात ठेवू."

खुर्च्या भाड्याने देणारी एक बाई जवळच होती. शेठ तिच्याकडे वळले. "काय हो, रात्री रंग टाकता का इथे?"

"काका, एवढ्या किनाऱ्याला रंग द्यायचा तर समुद्राच्या बापालासुद्धा परवडणार नाही," बाई म्हणाली. "पाण्यात बारीक लाल शिंपल्यांचे जीव असतात. त्यांचा चुरा होतो आणि लाट तो इथे आणून मिसळते. हातात घेऊन काय दिसणार? उभं राहून बघा."

पण शेठना उभं राहून बघायचं नव्हतं. गठ्ठा लांबून बघून घेणाऱ्यातले ते नव्हतेच. त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं, मला समुद्रात बुडवलं, बोटाला गुंडाळलं आणि गुडघे टेकून ओली वाळू घासायला सुरुवात केली. खारं पाणी, टोचरे कण, आणि वरून शेठचा सगळा जोर. दुकानाचा राग, मुलाचा राग, बायकोच्या कललेल्या मानेचा राग, सगळा माझ्यावर निघत होता. एक फुटका शिंपला माझ्यातून आरपार गेला. माझे चार धागे तुटले. त्या भरात शेठना कळलंही नाही.

मग त्यांनी मला उलगडलं आणि काकूंच्या तोंडासमोर दोन्ही हातांनी धरलं. माझ्या बरोबर मध्यावर लालभडक डाग होता.

"बोल आता," शेठ म्हणाले. आवाजात विजय होता. "बघ नीट. काय दिसतंय?"

काकूंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. हातभर अंतरावरून, लख्ख उन्हात. आणि त्या प्रसन्न हसल्या.

"मी म्हटलं नव्हतं? पांढराच्या पांढरा राहिला ना तुमचा रुमाल. आता तरी पटलं?"

शेठचे हात तसेच राहिले. त्यांनी माझी बाजू उलटून बघितली. मग त्यांना आपल्या बोटातून रक्त ठिबकताना दिसलं. डाग वाळूचा नव्हता, त्यांचा स्वतःचाच होता. पण ते बोटाकडे बघत नव्हते. त्यांनी मला हळूच डावीकडे सरकवलं. तशी काकूंची मान कलली, ती न चुकवताही चुकणारी नजर माझ्यावर आली आणि काकूंचं हसू गेलं.

"लागलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कधीपासून?" शेठनी विचारलं.

काकूंनी सगळं सांगितलं. डोळ्याचा पडदा आतून खराब होत चालला होता. समोर बघितलं की मधोमध राखाडी ठिपका यायचा, कडेचं तेवढं दिसायचं. म्हणून मान कलवून बघायचं. मैत्रिणीकडे म्हणजे डॉक्टरकडे. डॉक्टरने मुलाला सांगितलं होतं, आईला काही बघायचं असेल तर आत्ताच दाखवा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डॉक्टरला घासून बघितलं असतं," काकू म्हणाल्या. "मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. माझं उरलेलं दिसणं बाकड्यावर नंबर लावून बसण्यात गेलं असतं."

शेठ वाळूत बसले.  मला त्यांनी रक्ताळलेल्या बोटाला बांधलं. मला खूप वाईट वाटलं. ज्या घरात सगळं घासून बघितलं, त्या घरात एक माणूस समोर बसून अंधारात जात होता, आणि आम्ही दोघे दुकानातले कप्पे मोजत होतो.

"सांगा ना," काकू म्हणाल्या. "नजरेच्या कडेला काहीतरी उजळ पसरलंय एवढं कळतंय. आहे का हो ती गुलाबी? खरंखरं सांगा."

शेठ उठून उभे राहिले. चिमूट न घेता, न वाकता, त्यांनी पहिल्यांदा सगळा किनारा बघितला. नुकतीच लाट मागे गेली होती.

"ओल आहे तिथे डाळिंबी," ते सावकाश म्हणाले. ताग्यावर तागा उलगडावा तसे ते बोलत होते. "लाट परतते तिथे गुलबक्षी. मग फिकट होत कांद्याच्या सालीखालचा रंग असतो ना, तसा. झाडांपाशी नुसती झाक. पण सगळी गुलाबी आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"कॅलेंडरसारखी?"

"कॅलेंडरच्या छपाईत एवढा रंग कुठला?" शेठ म्हणाले. "पक्का रंग आहे, अगं. जाणार नाही."

आम्ही परत आलो तेव्हा दुकानातले कप्पे होते तिथेच होते. मुलाने एका ताग्यालाही हात लावला नव्हता. शेठनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

आता मी काकूंच्या पिशवीत असतो. रक्ताचा डाग पुष्कळ साबण लावूनही गेला नाही, तांबूस होऊन बसलाय. माझ्या एका शिवणीत त्या किनाऱ्याचे दोनचार कण अडकलेत. पाटीवाल्यांना सांगू नका, मी मुद्दाम आणले नाहीत. माझं जुनं काम सुटलं. शेठ आता दुकानातून लवकर घरी येतात, काकूंना खिडकीशी बसवतात आणि बाहेरचे रंग सांगतात.

संशयी स्वभाव जात नाही, म्हणून सांगतो. शेठ हल्ली खोटं बोलतात. समोरच्या घराचा पडदा केव्हाच विटून मातकट झालाय. शेठ तो हळदीसारखा पिवळा म्हणून सांगतात. ढगाळ दिवशीही त्यांचं आकाश निळं असतं. पूर्वी असा माल त्यांनी पायरीवरूनच परत पाठवला असता.

काल काकूंनी मला मांडीवर उलगडलं आणि विचारलं, "हा पांढरा आहे ना हो अजून?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. डागाकडे बघितलं. "शुभ्र," ते म्हणाले.

काकूंचा अंगठा माझ्यावरून फिरत फिरत मध्यावर आला आणि त्या चार तुटलेल्या धाग्यांपाशी थांबला. डाग कुठे आहे ते त्या अंगठ्याला बरोबर ठाऊक होतं.

"हो," काकू म्हणाल्या, "लागतोय हाताला शुभ्र."

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी त्या घरी गेलात आणि मी दिसलो, तर माझ्या रंगाबद्दल काही बोलू नका.