घरचं माणूस

गाणं मध्येच बंद झालं आणि सगळे बेडूक जागच्या जागी थिजले.

"शाब्बास! कोणी हललं नाही," शिक्षिका भव्याक्का म्हणाल्या. "आता हत्ती."

बंगळुरात जे. पी. नगरातल्या त्या बालवाडीच्या हॉलमध्ये भिंतीकडेला बसलेली तीन मोठी माणसंही हलली नव्हती. वासुदेवराव, त्यांचा मुलगा सुशांत आणि सून श्वेता वीतभर उंचीच्या रंगीत खुर्च्यांवर बसले होते, गुडघे हनुवटीला टेकवून. सुशांत-श्वेतानं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आपापल्या ऑफिसात रजा टाकली होती. दोघांनी एकाच दिवशी रजा घेण्याचा योग लग्नानंतर बहुधा प्रथमच आला होता, यावरून प्रकरणाचं गांभीर्य ध्यानात यावं.

प्रकरण त्यांच्या चार वर्षांच्या मुलीचं, शाल्मलीचं होतं. तिचा डावा हात थरथरत होता. घरी कधीच नाही. फक्त इथे, खेळाच्या तासाला. भव्याक्कांनी हे कळवल्यापासून श्वेताला झोप नव्हती. दुपारी चारला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. भूल देऊन एमआरआय काढावा लागेल, असं त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं.

हत्ती झाला, बगळा झाला. शाल्मली एका पायावर दगडासारखी उभी.

"ठीक तर आहे," वासुदेवराव पुटपुटले.

"स्वल्प थांबा, अण्णा." भव्याक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यांची मराठी कन्नडचा हात धरूनच चालायची. "पुढच्या खेळातच होतंय ते." त्यांनी टाळी वाजवली. "मुलांनो, आता घरचं माणूस!"

गाणं सुरू झालं. मुलं घरातल्या कुणासारखी तरी चालू लागली. गाणं थांबलं. एक मुलगा तळहाताकडे टक लावून पुतळा झाला, एक मुलगी कानाशी मूठ धरून कुणावर तरी डोळे वटारत उभी राहिली.

शाल्मली वाकली होती. खांदे पुढे, मान जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी, एक पाय किंचित मागे राहिलेला. आणि डावा हात थरथरत होता. अंगठा बोटांवर फिरत होता, जणू गोळी वळतोय.

"बघितलंस?" श्वेतानं सुशांतचं मनगट धरलं. "घरचं माणूस म्हटलं की! म्हणजे घरातल्याच कशाचा तरी तिनं धसका घेतलाय."

"रात्रीच्या कॉलवर ओरडतं कोण?" सुशांत कुजबुजला.

"आणि दार आपटतं कोण?"

"मी विचारलं की तिला, कोण झालीस गं?" भव्याक्का मध्ये पडल्या. "सांगायचं नाही, म्हणते."

वासुदेवराव पुढे झुकून नातीकडे बघत होते. उभी नोकरी त्यांनी नागपुरात पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली होती. नकाशा मूळ वस्तूशी जुळतो की नाही, हे पारखण्यावर त्यांचं पोट चाललं होतं. समोरचा नकाशा लहान प्रमाणावर होता, पण एकही रेघ चुकलेली नव्हती. तो पाय त्यांचा. ती मान त्यांची. हात तर त्यांचाच. नागपूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यात त्याच्या दुखण्याचं नावही सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते तो हात घरात कधी पेपराखाली, कधी चादरीखाली दडपून ठेवत. कळलं असतं तर आधी स्कूटर गेली असती आणि मग स्कूटरवर पुढे उभी राहून, गाणी म्हणत बालवाडीत येणारी नात. त्याखेरीज बंगळुरात त्यांना काम होतं तरी काय?

एकदाच दुधाचा पेला हिंदकळला, तेव्हा तिनं पाहिलं होतं. "ही आपली गंमत," ते म्हणाले होते. "कुणाला सांगायची नाही बरं, बेटा."

पोरीनं शब्द पाळला होता. सांगितलं कुणालाच नव्हतं.

"एवढंसं पोर," श्वेता ओढणीत तोंड खुपसून म्हणत होती, "भूल कशी सोसेल तिला?"

वासुदेवराव उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. ती सुशांतनं सोडवली.

"गाणं लावा पुन्हा," ते भव्याक्कांना म्हणाले. "मी खेळतो."

"तुम्ही?"

"घरचं माणूसच आहे मी."

मुलांनी एकच गिल्ला केला. गाण्यावर वासुदेवराव स्वतःसारखे चालले. त्यात अभिनयाचा भाग नव्हता. गाणं थांबलं. ते थांबले. हात थांबला नाही.

श्वेतानं हाताकडे पाहिलं, मग शाल्मलीकडे, मग पुन्हा हाताकडे. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि त्याच जागी दुसरी येऊन बसली.

"बाबा..." सुशांत म्हणाला. "कधीपासून?"

"ताता औट!" एक मुलगा आजोबांकडे बोट दाखवून आनंदानं किंचाळला. "ताता हलले!"

भव्याक्का त्यांना खुर्ची द्यायला धावल्या. पण औट झालेल्यानं भिंतीकडच्या सतरंजीवर बसायचं, हा नियम सगळ्यांना सारखा होता. वासुदेवराव जाऊन बसले. श्वेता फोन कानाला लावून दाराबाहेर गेली. "चारची वेळ राहू द्या," तिचा आवाज आत येत होता. "पण डॉक्टर मोठ्यांचे लागतील."

शाल्मली तरातरा चालत आली. ती मांडीत बसेल असं वाटून वासुदेवरावांनी मांडी सारखी केली. ती उभीच राहिली. डोळे भरलेले, खालचा ओठ बाहेर.

"मी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "तूच सांगितलंस."

आणि कट्टी घेऊन, त्यांच्याकडे पाठ करून बसली.