धुराची झोप

आपल्याच नवऱ्याला काळ्या रजईत गुंडाळून 'धूर' करायचं, हे डोकं नाटक बसवणाऱ्या बाईंचंच. नाटक शाळेच्या हॉलमध्ये, आईबाप आणि पोरं अशा सगळ्यांसाठी. रंगमंचावरच्या घरात आजी झालेल्या बाई गीझर लावणार, गाडी सुरू करणार; की लगेच धूर उठून घरभर फिरणार. आपण रोज हवेत काय सोडतो, ते लोकांना कळावं म्हणून.

पण पोरांना तो ढेरपोट्या धूर इतका आवडला की ती ओरडायची, "आजी, अजून एक बटण दाबा!"

बाईंचा पारा चढला. "मेलं तुमचं तोंडच गोड!" असं नवऱ्याला सुनावून त्यांनी नाटकच फिरवलं. आता धूर म्हातारा, दमलेला. प्रत्येक बटणाला त्याला कण्हत उठावं लागे.

पुढच्या प्रयोगात एक मुलगी कळवळली, "आजी, नका ना उठवू त्यांना." बाईंनी एकेक बटण बंद केलं. धूर आडवा झाला, तो खरोखरच घोरायला लागला.

चिमटा काढायला बाई वाकल्या, तर पोरं चपला हातात घेऊन चवड्यांवर बाहेर निघालेली. चिमटा राहिला.

फाटकाशी त्या मुलीच्या वडिलांनी स्कूटरला किल्ली लावली. तिनं त्यांचा हात धरला. "बाबा, ते जागे होतील. ढकलत न्या ना."

बाई दारातून बघत राहिल्या. भर उन्हात, एकामागोमाग चार बाप घाम पुसत स्कूटर ढकलत निघाले होते, आणि आत धूर घोरत होता.