मिठूच्या दोघी

पार्लरवाली हॉलच्या दारात पोचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्याच रांगेत, शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडून, तिच्या नवऱ्याची पहिली बायको बसली होती.

सवत म्हणावं तर तीही नाही, फारकत रीतसर झालेली. पोटची मुलगी मिठू पाच वर्षांची असताना ही बाई घर सोडून गेली, पुढे बसमध्ये कंडक्टर झाली, आणि कधीतरी सुट्टीला खाऊ घेऊन उगवायची. न्हाऊमाखू घालून, तापात उशाशी बसून, पाढे घोकून घेऊन मिठूला बारा वर्षांची केली ती पार्लरवालीने. अखंड बडबडते म्हणून मिठू हे नावही तिनेच ठेवलेलं.

मग उतारावर मिठूची सायकल घसरली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. सायकल घेऊन दिली होती कंडक्टरबाईंनी, आणि त्या संध्याकाळी "जा, एक चक्कर मारून ये" म्हणाली होती पार्लरवाली. त्यामुळे दोघींकडेही एकमेकींना ऐकवायला भरपूर होतं.

मिठू शुद्धीवर आली, पण डाव्या अंगात जोर नव्हता आणि मधली सगळी वर्षं पुसली गेली होती. आई घर सोडून गेली हेच तिला आठवत नव्हतं. कंडक्टरबाई दिसल्या की हात पसरायची. आणि जिला ती काल-परवापर्यंत "ए मम्मा" म्हणून हाका मारत होती, तिला विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" त्या 'तुम्ही'ने पार्लरवालीच्या काळजात चर्र व्हायचं.

डोक्याला मार लागलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी हॉस्पिटलने हा कोर्स ठेवला होता. तो केल्याशिवाय मूल घरी सोडणार नव्हते.

"तुम्ही इथे कशा?" पार्लरवालीने उभ्या उभ्याच विचारलं.

"कशा म्हणजे? माझ्या मुलीचा कोर्स आहे."

"मला यांनी पाठवलंय."

"मलाही त्यानेच फोन केला. म्हणाला, हिचा पाय पार्लरमधून निघत नाही, तूच जा."

"आणि मला म्हणाले, तिला कुठली फुरसत, तूच जा!"

एरवी दोघींनी मिळून त्याचा उद्धार केला असता. पण तेवढीही ओळख दोघींना नको होती. पार्लरवाली शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

कोर्सच्या मॅडम उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी जोड्या करायला सांगितल्या. बाकी सगळे नवराबायको होते, दोनदोन मिळून मोकळे झाले. उरल्या या दोघी.

"तुम्ही दोघी एकाच मुलीच्या ना? मग झालंच की," मॅडम म्हणाल्या.

आधी पलंगावरून चाकांच्या खुर्चीत कसं बसवायचं ते शिकवलं. एकीने अंग सैल सोडून मूल व्हायचं, दुसरीने काखेतून हात घालून, गुडघे वाकवून उचलायचं. कंडक्टरबाई मूल झाल्या आणि मुद्दाम ओल्या गादीसारख्या जड पडून राहिल्या. पार्लरवाली घामाघूम झाली.

"कंबरेतून नको वाकू," कंडक्टरबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मॅडम बोंबलून सांगताहेत, कान कुठे गहाण ठेवलेत?"

"मूल बोलत नसतं," पार्लरवाली म्हणाली आणि तिने त्यांना खुर्चीत जवळजवळ आदळलं.

जेवणाआधीचा धडा रागाचा होता. मेंदूला इजा झालेलं मूल एकाएकी भडकतं, शिव्या देतं, हाताला येईल ते भिरकावतं. तेव्हा वाद घालायचा नाही, समजावत बसायचं नाही. आवाज खाली आणायचा, छोटी वाक्यं बोलायची, वाट बघायची. मॅडमनी आधी स्वतः करून दाखवलं, मग जोड्यांना करायला लावलं. पुन्हा कंडक्टरबाई मूल.

आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. गच्च भरलेल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचणारा तो आवाज. "तू कोण गं? माझ्या घरात कशाला घुसलीस? लोकांचे केस कापत बसलीस आणि मला सोडलंस उतारावर! तुझी असते तर सोडलं असतंस? सांग ना, पोटची असते तर?"

हे मिठू बोलत नव्हती, हे सगळ्यांनाच कळलं. "तुला राग आलाय," पार्लरवाली शिकवल्याप्रमाणे हळू म्हणाली. "मी इथे आहे. आपण थांबू." तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही.

"शाबास," मॅडम म्हणाल्या. "आता उलट करा."

पार्लरवाली ओरडली नाही. कंडक्टरबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून ती लहान पोरीच्या स्वरात म्हणाली, "आई, तू येते म्हणालीस. मला शेजारच्या काकूंकडे ठेवलंस. मी जिन्यात बसले होते. काकू जेवायला बोलवत होत्या, पण मी उठले नाही. मी गेले आणि तू आलीस तर?"

फाडकन आवाज आला. कंडक्टरबाईंनी तिच्या मुस्काटात मारली होती.

मॅडमनी दोघींना बाहेर काढलं.

कॉरिडॉरमध्ये कंडक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "हे कुणी सांगितलं तुला?"

"मिठूने. तापात बरळायची."

"आता तिला आठवत नाही ते."

"नाही."

"म्हणजे तू सांगणार."

पार्लरवालीने गाल चोळला. हा विचार तिच्या मनात कितीतरी वेळा येऊन गेला होता. एका वाक्यात ही बाई मिठूच्या मनातून उतरली असती. "सांगेन की नाही, ते माझं मलाच माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दुपारी मिठूला हॉलमध्ये आणलं. आता खरं मूल, खरी खुर्ची. तिचं अंग अजून इतकं लटपटत होतं की उचलायला दोघी लागणार होत्या. एक डावीकडून, एक उजवीकडून. पार्लरवालीचा हात पाठीला लागला मात्र, मिठू किंचाळली. पाण्याचा पेला भिरकावला. "तुम्ही जा! तुम्ही नको! मला आई पाहिजे!"

"अगं बाळा, मी आहे ना, हे बघ, असं करू नये, शहाणी ना माझी, बघ सगळे बघताहेत..." कंडक्टरबाई सकाळचं सगळं विसरून बोलतच सुटल्या, आणि मिठू आणखीच पिसाळली.

पार्लरवालीने हात मागे घेतला. आवाज खाली आणला. "मिठू. तुला राग आलाय." थांबली. मग दात घट्ट आवळून जे म्हणायचं नव्हतं ते म्हणाली. "आई इथेच आहे. आई कुठे जात नाही."

किंचाळणं हुंदक्यांवर आलं, हुंदके थांबले. दोघींनी तिला अलगद उचललं आणि खुर्चीत बसवलं.

"उपकार नकोत तुझे," कंडक्टरबाई पुटपुटल्या.

"उपकार कसले? तिला बसवायचं होतं."

मॅडमनी विचारलं, मुलगी कुठल्या घरी जाणार? कंडक्टरबाईंची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पार्लरवालीचं घर तळमजल्यावर. प्रश्नच मिटला. कंडक्टरबाईंचा चेहरा पडला.

"दारात तरी उभी करशील का?" फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"या. उचलायला दोघी लागतात म्हणून. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"तुझ्या हातचं खायला बसलंय कोण!"

मिठू घरी आली. कंडक्टरबाई ड्यूटीच्या आधी आणि नंतर येऊ लागल्या. दोघींचं रोज वाजायचं. भात फार घट्ट, खिडकी उघडी का, टाक्यांवरून केस असे का वळवले. मिठू एकीला आई म्हणायची, दुसरीला बाई. पार्लरवाली 'ओ' द्यायची आणि मोरीत जाऊन डोळे धुवायची. जिन्याची गोष्ट मात्र तिने काढली नाही. रोज जिभेवर यायची आणि रोज ती गिळायची.

एकदा असंच भातावरून कडाक्याचं जुंपलेलं असताना मिठूचा बाप मध्ये पडला. "अरे, पुरे आता! पोरीच्या तब्येतीचा तरी विचार करा दोघी."

दोघी एकदम वळल्या.

"तुम्ही आला होतात कोर्सला?" पार्लरवालीने विचारलं.

"फोन करायला बरं जमलं होतं तुला!" कंडक्टरबाई म्हणाल्या. "ये इकडे. पाय धर तिचे. गुडघे वाकव, कंबर नको."

तो मुकाट्याने पुढे आला. तिघांनी मिठूला उठवून बसवलं. मग दोघी पुन्हा भातावर आल्या.